रॉबिन हूडचं चांदीचं नाणं लक्ष्मी रोडवर कोण घेणार?

पौडफाटा
नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं चांदी थोडी थोडी घेत आलोय. धनत्रयोदशीला एखादा बार, कधी जमलं तर मधेच एक. यंदा भाचा इंग्लंडहून आला आणि त्याने माझ्या हातावर एक नाणं ठेवलं. रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीच्या दंतकथांच्या मालिकेतलं, २०२१ चं. एका बाजूला धनुष्य घेतलेला रॉबिन हूड, दुसऱ्या बाजूला एलिझाबेथ राणी. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ शुद्धता. दर्शनी किंमत २ पौंड. नाणं गोल प्लास्टिकच्या डबीत आहे आणि ती डबी उघडायची नाही अशी मला सक्त ताकीद मिळाली आहे.

खरं सांगायचं तर जीव जडला. याच मालिकेत मेड मेरियन, लिटल जॉन, राजा आर्थर, मर्लिन, मॉर्गन ल फे अशी नाणी आहेत म्हणे. पण हिशेब मांडायला बसलो की हात आखडतो. चांदीच्या भावावर वरून चांगले पैसे (प्रीमियम) मोजायचे, ते कशाचे? विकायला गेलो तर लक्ष्मी रोडवरचा सराफ रॉबिन हूडकडे बघेल की काट्याकडे? कोणी अशी नाणी घेतली किंवा विकली आहेत का? आणि जाता जाता, हिरकणीचं असं नाणं का नाही?

तिरकी_रेघ
काट्याकडे. धागा संपला. :)

राणीछाप
इतक्यात नको संपवू. मी जुनी नाणी जमवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दारावरूनच जातो.

चांदीची तीन वेगळी गिऱ्हाइकं असतात आणि त्यांचे भाव एकमेकांशी बोलत नाहीत. सराफ वजन घेतो. बुलियनवाला, म्हणजे गुंतवणुकीच्या शुद्ध चांदीचा व्यापारी, वजन अधिक मिंटचं नाव घेतो. संग्राहक वजन अधिक नाव अधिक गोष्ट घेतो. तुम्ही तिसऱ्याच्या भावाने खरेदी करून पहिल्याला विकणार असाल तर मधला सगळा फरक तुमच्या खिशातून गेला. रॉबिन हूडची गोष्ट माहीत असलेला, मालिका पुरी करायला निघालेला आणि त्याच नाण्यासाठी अडलेला माणूस गाठलात तरच तो फरक परत येतो. असा माणूस बर्मिंगहॅममध्ये सहज भेटेल. बुधवार पेठेत शोधावा लागेल.

हिशेबाला सोपा म्हणून ग्रॅमला १०० रुपये भाव धरा. एक औंस चांदीचे झाले ३११०. नाणं तुम्हाला समजा ४२०० ला पडलं. म्हणजे गोष्टीचे १०९०. सराफ देणार ३११० वजा त्याची घट. चांदी जवळपास ३५ टक्के वर गेली की तुम्ही जेमतेम मुद्दलात. बार घेणारा तोवर नफा मोजत बसलेला असतो.

अवंती_पर्वती
राणीछाप यांना अनुमोदन, पण थोडं वेगळं. सगळ्या मालिका सारख्या नसतात. रॉयल मिंटचीच 'क्वीन्स बीस्ट्स' मालिका होती, २०१६ ते २०२१. राजघराण्याच्या चिन्हांतले दहा प्राणी, दोन औंसांची चांदीची नाणी. त्यातल्या पहिल्या सिंहाला मागाहून बराच वरचा भाव आला, कारण लोकांनी मालिका मधूनच जमवायला घेतली आणि सुरुवातीचं नाणं मिळेना. पहिलं नाणं बहुतेकांकडून सुटतं, शेवटच्याकडे सगळे टपून असतात. या दंतकथांच्या मालिकेत रॉबिन हूडच पहिला आहे. म्हणजे भाच्याला काही कळतं!

आणखी एक गंमत बघा. रॉबिन हूड, मेरियन आणि लिटल जॉन यांच्या मागे राणी आहे. २०२३ च्या आर्थरपासून मागे राजा चार्ल्स. मालिका चालू असतानाच राज्य बदललं. जमवणाऱ्याला असलं काही फार आवडतं.

खातेवही
रुक्ष प्रतिसाद देतो, आधीच क्षमस्व.

इंग्लंडमधले लोक या नाण्यांमागे लागतात त्याचं मोठं कारण दंतकथा नाही, कर आहे. ब्रिटिश चलनातलं कायदेशीर नाणं म्हणून विकताना तिथल्या रहिवाशाला भांडवली नफ्यावर कर लागत नाही. बारवर लागतो. त्या बदल्यात चांदी घेताना २० टक्के व्हॅट भरावा लागतो, ते वेगळं. आपल्याला इथे त्या सवलतीचा काडीचाही उपयोग नाही. पुण्यात बसून विकलंत तर नाण्यावर राणी असो की वेताळ, २४ महिन्यांहून जास्त ठेवलं असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के, इंडेक्सेशनशिवाय (महागाईची वजावट नाही). २३ जुलै २०२४ पासूनचा नियम. २४ महिन्यांच्या आत विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे.

इथे घेताना ३ टक्के जीएसटी. विकताना तो कोणी परत देत नाही, हे लोक हटकून विसरतात.

आणि पौडफाटा, भाच्याला जरा बाजूला घेऊन सांगा. प्रवाशांच्या सामानाच्या (बॅगेज) नियमांप्रमाणे दागिने सोडून इतर कुठल्याही रूपातली सोनं-चांदी प्रवाशाच्या ड्युटी-फ्री सवलतीत बसत नाही. एक नाणं असलं तरी ते जाहीर करून ड्युटी भरायची असते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात चांदीवरची ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आली होती; सध्याचा दर बघून घ्या.

तिरकी_रेघ
श्रीमंतांना लुटून गरिबांना देणाऱ्याला ग्रीन चॅनलमधून, म्हणजे कस्टमला काही न सांगता, आणला. शोभतं त्याला.

पौडफाटा
@खातेवही, हे ठाऊक नव्हतं. भाच्याला फोन केला. म्हणतोय, "मामा, पावती आहे, पुढच्या वेळी रेड चॅनल." घरात आता त्याला शेरीफ म्हणतात.

मुठेकाठी
आमच्याकडे दिराने कॅनडाहून मेपल लीफ हे तिथलं चांदीचं नाणं आणलं होतं. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी डबी उघडली, नाणं पंचामृताने न्हाऊ घातलं, वर हळद-कुंकू. मग पितांबरीने लख्ख केलं. दीर आले, पाहिलं आणि मटकन खालीच बसले. सासूबाई म्हणाल्या, "देवापुढे ठेवायची चांदी, काळी कशी ठेवणार?"

मला अजूनही वाटतं त्यांचंच बरोबर होतं.

राणीछाप
@मुठेकाठी, सासूबाईंना नमस्कार सांगा, पण संग्राहकाच्या लेखी ते नाणं त्या दिवशी चांदीचा तुकडा झालं. घासल्यावर पृष्ठभागावर बारीक रेघोट्या उठतात. तिरप्या उजेडात धरलं की राणीच्या गालावर जाळं पडल्यासारखं दिसतं. ते कशानेही जात नाही. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाने. तो थर पातळ असताना त्यावर निळसर-सोनेरी झाक येते आणि काही लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात! पावसाळ्यात डबीजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा, रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद लांब ठेवा. आणि ती मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं मुळीच नकोत. काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा येतो.

पांढरे ठिपके हा वेगळा प्रकार. नव्याकोऱ्या, डबीबंद मेपल लीफवर आणि ब्रिटनच्या ब्रिटानिया नाण्यावरही ते उमटतात. टांकसाळीतच काहीतरी राहून गेलेलं असतं, आपला दोष नाही. पण विकताना भाव आपलाच पडतो.

शुक्रवारातला
अस्सल आहे की नाही ते कसं ओळखायचं, हे कोणी बोलतच नाहीये. एक औंसाच्या नाण्यांचे नकली नमुने ऑनलाइन धो धो मिळतात.

घरी करता येण्यासारखी एकच चाचणी मला पटते. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. वाटीत पाणी भरून काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. नाणं कडेने धरून दोऱ्याला बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडवा, पण वाटीच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. ३१.१ ग्रॅमचं शुद्ध चांदीचं नाणं असेल तर काटा २.९६-२.९७ च्या आसपास थांबतो, कारण चांदीची घनता १०.४९. आत तांबं असेल तर आकडा साडेतीनकडे जातो, शिसं असेल तर पावणेतीनवर येतो. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर आकडा चुकतो, म्हणून दोऱ्याला हलकी टिचकी मारायची. नंतर घासायचं नाही, मऊ कपड्यावर नुसतं ठेवून द्यायचं.

चुंबकाचा खेळ पुरेसा नाही. तिरप्या धरलेल्या चांदीवरून जोरदार चुंबक सावकाश घसरतो हे खरं, पण तो तांब्यावरूनही तसाच घसरतो.

पौडफाटा
रात्री करून बघितलं. डबी उघडली, हो. २.९७. आता डबी बंद. भाच्याला कळवू नका.

अवंती_पर्वती
एक इशारा. 'दंतकथा', 'देवता', 'ड्रॅगन' असल्या नावांची अर्धी नाणी भलत्याच देशांच्या नावावर असतात. पॅसिफिकमधलं निउए बेट घ्या, वस्ती दोन हजारांच्याही आत. त्यांच्या नावाने कार्टूनपासून अंतराळयुद्धापर्यंत सगळ्यावर चांदीची नाणी निघतात आणि ती पाडली जातात दुसरीकडेच. तुवालूच्या नावाची बरीच नाणी ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंटमध्ये तयार होतात. बेकायदा काही नाही, बेटाला रॉयल्टी मिळते. पण 'मर्यादित आवृत्ती' वाचून हुरळून जाऊ नका. दरवर्षी पन्नास मर्यादित आवृत्त्या निघाल्या तर मर्यादा कसली?

तिरकी_रेघ
निउएची लोकसंख्या आमच्या सोसायटीपेक्षा कमी आहे. पुढच्या सभेत आम्हीही नाणं काढण्याचा ठराव मांडतो. एका बाजूला चेअरमन, दुसऱ्या बाजूला पाण्याचा टँकर. दंतकथा : 'महानगरपालिकेचं पाणी'.

गडवाट
मूळ प्रश्नाच्या शेपटाकडे येतो. हिरकणीचं नाणं का नाही? माझं मत असं की आपल्याकडे दंतकथा आणि इतिहास यांच्यामधला बांध कुठे आहे यावरच भांडणं होतात. रॉबिन हूड खरोखर होता की नाही, याचा तिकडे कोणालाच त्रास नाही. त्याची जुनी कवनं पंधराव्या शतकातली. मेरियन तर मे महिन्याच्या खेळांतून मागाहून त्याच्या गोष्टीत आली. लोकांनी ती आणली, ती राहिली आणि आता तिचं नाणं आहे. आपल्याकडे हिरकणीवर 'दंतकथा' असं छापा, दुसऱ्या दिवशी निवेदन. 'इतिहास' असं छापा, तिसऱ्या दिवशी पुरावा मागणारा लेख.

खडकमाळ
आणि काही नावं त्या पंगतीत बसवूच नयेत. कोणी इथे उमाजी नाईकांना 'आपला रॉबिन हूड' म्हणण्याआधीच लिहून ठेवतो. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ ला याच शहरात फाशी दिलं. कंपनी सरकारचे कागद आहेत, जाहीरनामे आहेत. ते दंतकथा नव्हेत. नाणं काढायचं तर जरूर काढा, पण इतिहास म्हणून.

गडवाट
@खडकमाळ, शंभर टक्के मान्य. मी म्हणत होतो ते हिरकणी, यशवंती घोरपड, वेताळ अशांबद्दल.

तिरकी_रेघ
वेताळ! वेताळ टेकडीच्या नावाने नाणं काढा, अर्धं कोथरूड आणि सगळी सेनापती बापट रोड रांगेत उभी राहील. मागच्या बाजूला 'टेकडी वाचवा'. विकायला गेलात की खांद्यावरून आवाज येईल : "राजा, तू बोललास, आणि प्रीमियम परत झाडावर गेला."

राणीछाप
:) वेताळाला माझ्याकडून आगाऊ नोंदणी.

सरकारी बाजू सांगतो. भारत सरकारच्या टांकसाळी चार : मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा. स्मरणनाणी खूप काढतात, पण ती बुलियन नव्हेत. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यात चांदी निम्मी. ४० टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. चांदी म्हणून घेतलंत तर फसलात, आठवण म्हणून घेतलंत तर ठीक. दुसरा प्रकार स्मरणिकांचा, ज्यांच्यावर रुपये लिहिलेले नसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये रामलल्लाची रंगीत स्मरणिका निघाली, ५० ग्रॅम, ९९९. किंमत ५८६० रुपये. तेव्हा चांदी किलोला सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात होती, म्हणजे आत साधारण साडेतीन-पावणेचार हजारांची चांदी. उरलेले भावनेचे. पंचतंत्रावरही रंगीत स्मरणिका निघाल्या आहेत. गोष्टींचं वावडं सरकारलाही नाही, पण 'भावाच्या जवळपास किमतीत, दरवर्षी, कोणालाही' हा बुलियनचा प्रकार आपल्याकडे टांकसाळ चांदीत करत नाही.

मुठेकाठी
म्हणजे धनत्रयोदशीला सराफ देतो ती लक्ष्मी-गणपतीची नाणी?

राणीछाप
ती कायद्याच्या भाषेत नाणी नव्हेत, पदकं म्हणा हवं तर. घडणावळ देऊन घ्यायची, वजनाने विकायची. ९९९ चा शिक्का आणि पावती असली म्हणजे झालं. सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडीचं (प्रत्येक नगाला वेगळा ओळख क्रमांक) हॉलमार्किंग सुरू झालंय, पण ऐच्छिक. सराफाकडे आठवणीने मागायचं.

जुना_बाजार
अवांतर, पण विषय निघालाच आहे तर. दंतकथेवरच्या नाण्यांचा खरा धंदा आपल्याकडे बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चालतो. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा', मागे रामदरबार किंवा मारुती. विकणारा कानाशी लागून सांगतो, यात शक्ती आहे, तांदूळ ओढतो, परदेशी लोक कोटी देतात. कंपनीने असलं एकही नाणं कधी काढलेलं नाही. सगळे अलीकडचे ठोकळे. 'राईस पुलर'च्या नावाखाली शिकलेसवरलेले लोकही लाखोंना बुडालेत, पोलिसांत गुन्हे आहेत.

रामटंका म्हणून जे असतं ते खरं आहे, पण ती देवळांतली श्रद्धेची नाणी, व्यवहाराची नव्हेत. चांदीची जुनी रामटंका सुंदर असते. ती रामराज्यातली आहे असं कोणी सांगितलं की मात्र चहा पिऊन उठायचं.

शुक्रवारातला
त्यात वाडा पाडताना सापडलेल्या हंड्याची गोष्ट जोडा. आमच्या गल्लीत एक वाडा पाडायला काढला होता तेव्हा दोन माणसं घरोघर फिरत होती. हातात एक खरा राणीछाप रुपया, काळपट, मातीसकट. "आजी, असे हंडाभर आहेत, मालकाला सांगू नका." नमुना अस्सल, हंडा पितळेचा. आमच्या आजीने विचारलं, "तुमच्यात पायाळू कोण?" दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

खातेवही
आणि हंडा खरा निघाला तरी पंचाईत. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, १८७८. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. नागापेक्षा कलेक्टर भारी.

राणीछाप
दंतकथेवरून नाणं निघतं तशी नाण्यावरून दंतकथाही निघते. १९११ चा जॉर्ज पंचमचा रुपया बघा. राजाच्या झग्यावर बिल्ल्याचा हत्ती आहे, पण तो इतका बारका कोरलाय की सोंड आखूड दिसते. लोकांनी त्याचा डुक्कर केला. हिंदू-मुसलमान दोघेही नाराज. सरकारने नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२ पासून सोंड-कान नीट दिसणारा हत्ती कोरला. हा डुक्करछाप रुपया आज साध्या जॉर्ज रुपयाच्या कितीतरी पट भावाने जातो. चांदी दोन्हीत तेवढीच : ११.६६ ग्रॅम, ९१७ कस. जास्तीचे पैसे निव्वळ गोष्टीचे, आणि इथे पुण्यातही मिळतात, कारण ही गोष्ट इथल्या माणसाला ठाऊक आहे.

पौडफाटा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी हेच देईन. गोष्टीचे पैसे मोजायचेच असतील तर जिचं गिऱ्हाईक दोन बसच्या अंतरावर आहे अशा गोष्टीचे मोजा.

अवंती_पर्वती
हे जरा जास्तच झालं. नाणं काय फक्त विकायला घेतात? मी मर्लिन घेतलाय तो मर्लिनसाठी. विकणार नाहीये. कपाटातल्या पैठणीचा रिसेल भाव विचारते का मी?

राणीछाप
मग तुमचा प्रश्न सुटलेलाच आहे. पौडफाटा हिशेब विचारत होते.

सातारा_रोड
हिशेबच करायचा तर इतिहासही बघा. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली, मार्चअखेर ११ च्या खाली. २०११ मध्ये पुन्हा ४९ च्या आसपास, २०१५ संपताना १४ च्या खाली. २०२५ च्या धनत्रयोदशीला इथे चांदी मिळेना आणि लोक भावावर वरचा भाव देत होते. आता सगळे चांदीचे भक्त झालेत. चांदी उसळते तशीच आपटते. नाण्यावरचे वरचे पैसे तर आपटताना आधी जातात.

देवघर
पहिल्यांदाच लिहितेय. इतका वेळ वाचतेय आणि आश्चर्य वाटतंय की टाकांचं नाव कोणी काढलं नाही. लोककथा चांदीवर उतरवायची आपली जुनी रीत तीच ना? आमच्या देवघरात खंडोबा, भवानी, ज्योतिबा आणि पूर्वज वीर यांचे टाक आहेत. खंडोबा घोड्यावर, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. तळहाताच्या मध्यात मावेल एवढा पत्रा, पण अख्खी कथा त्यावर. पणजीच्या वेळचे टाक इतके झिजलेत की म्हाळसेचं नाक-डोळे गेले, नुसता उंचवटा राहिलाय. भंडारा त्या खाचांत बसून पिवळा झालाय. अधूनमधून ते जेजुरीला देवभेटीला नेतात. भावाभावांत वाटण्या झाल्या की धाकट्यासाठी नवे टाक करून घेतात.

यात चांदी किती, हे घरात कोणी कधी वजन करून बघितलेलं नाही.

गडवाट
वा! धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. खंडोबा-बाणाईची गोष्ट मर्लिनला भारी आहे. पण 'दंतकथा' म्हणून नाही हां, लगेच कोणी अंगावर येऊ नका.

संपादक मंडळ
श्रद्धेच्या विषयावर सुरू झालेले काही प्रतिसाद उडवले आहेत. चांदीपुरतं बोलावं.

ठसेवाले
आमचं घराणं ठशाचं काम करतं, रविवार पेठेत. म्हणून दोन शब्द.

टाक आणि नाणं यांची घडण वेगळी. टाकाला पातळ पत्रा लागतो. तो ठशावर ठेवून, शिसं किंवा लाख यांच्या आधाराने ठोकून उठाव आणतात. मागची बाजू पोकळ राहते, मग तांब्या-पितळेची पाठ लावून झाळतात. एक टाक केला काय आणि दहा केले काय, ठसा तोच पिढ्यान्‌पिढ्या चालतो. हातोडीचा जोर कमी-जास्त झाला की प्रत्येक देवाचा चेहरा थोडा वेगळा उठतो.

नाण्याला दोन्ही बाजूंचे पोलादी डाय (ठसे) लागतात, कडक केलेले, आणि टनांत दाब देणारा प्रेस. चकती नेमक्या वजनाची, कडेच्या खाचांसाठी वेगळी कडी. हिरकणीचं नाणं का नाही, याचं साधं उत्तर डायच्या खर्चात आहे. पन्नास नगांसाठी डाय केला तर तो खर्चच चांदीपेक्षा जड होतो. हजारो नग खपणार असतील तर नगामागे काहीच नाही. रॉयल मिंट जगभर विकते म्हणून तिला परवडतं. आणि कितीही केलं तरी त्यावर 'रुपये' लिहायचे नाहीत. कॉईनेज ॲक्ट २०११ प्रमाणे खासगी माणसाने पैशासारखा चालेल असा धातूचा तुकडा करणं गुन्हा आहे. पदक म्हणून केलंत तर काही अडचण नाही.

तिरकी_रेघ
म्हणजे सोसायटीचा ठराव रद्द. :(

पौडफाटा
@ठसेवाले, समजा या धाग्यावरचे लोक जमले आणि हिरकणीचं एक पदक करायचं ठरवलं, एक औंस, ९९९. किती नगांना परवडेल?

ठसेवाले
चित्र कोणाचं आणि उठाव किती, यावर आहे. कडा उतरणारी बाई दाखवायची तर उठाव खोल लागणार. खोल उठावाला दोन-तीन दाब लागतात, मधे चांदी तापवून मऊ करावी लागते. उथळ ठेवलंत तर एका दाबात. अडीचशे-तीनशेच्या खाली मी हो म्हणणार नाही. आणि चांदीचे पैसे आगाऊ, भाव रोज हलतो.

अवंती_पर्वती
माझे दोन धरा. चित्रात बाळ नको, फक्त कडा आणि ती. चेहरा दिसायला नको.

मुठेकाठी
बाळ हवंच! बाळ नसेल तर ती कशाला उतरतेय? माझा एक. आणि डबी अशी द्या की सासूबाईंना उघडता येणार नाही.

खातेवही
पैसे गोळा करणार असाल तर कोणाच्या एकाच्या बचत खात्यात घेऊ नका, एवढंच सांगतो. ३ टक्के जीएसटीसकट पक्कं बिल, प्रत्येकाच्या नावावर.

राणीछाप
माझा एक. पण साल घाला आणि नगावर क्रमांक घाला. पहिला क्रमांक मला नको, मी विकून टाकीन.

पौडफाटा
मंडळी, मी रॉबिन हूड ठेवतोय, मर्लिन-आर्थर घेणार नाही. वर्षाचे बार चालूच राहतील. हिरकणीसाठी वेगळा धागा काढतो, बाळ की बिनबाळाची हा वाद तिकडे घाला. ठसेवाले, रविवारी दुकान उघडं असतं का?

ठसेवाले
सोमवारी बंद. रविवारी अकरानंतर या, आणि रॉबिन हूड घेऊन या. कडेच्या खाचा बघायच्या आहेत.